चिलापी मासळी वाईट कशी? सहावीतल्या पोरीला काय उत्तर देऊ?

नमस्कार. पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावीला विज्ञान शिकवते. वर्गातली निम्मी लेकरं भोई समाजाची, घरं नाथसागराच्या काठाला. परवा त्यांना पाझर तलावावर नेलं. जलपर्णीचा फुगीर देठ ब्लेडने चिरून दाखवला. आत स्पंजासारखी हवा, म्हणून ती तरंगते, हे लेकरांनी स्वतःच ओळखलं. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपायी इकडे आली, तिच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, मासे गुदमरतात, हेही पटलं.

मग चिलापीवर आले. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जास्त जगतात आणि बाकीच्या माशांना जागा उरत नाही. एक पोरगी उठली. "मॅडम, पप्पांच्या जाळ्यात तीच येते. माझं दप्तर तिच्यावरच आलं. मग ती वाईट कशी?" मला काहीच बोलता आलं नाही. तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

— बीडहून एक शिक्षक
मॅडम, 'वाईट' हा शब्दच वर्गातून काढा. मिरची, टोमॅटोही अमेरिकेतूनच आले. कुठून आली ते नका विचारू, आल्यावर कुणाची जागा घेतली ते विचारा. बेशरम या झुडपी वनस्पतीपासून सुरुवात करा. तीही तिकडचीच, तळ्याकाठी माजते, जनावर तोंड लावत नाही. प्रत्येक लेकराला ठाऊक असते.

— नांदेडकडचा मासेमार
आमीबी चिलापीच विकतो ताई, पोट तिच्यावर हाय. पोरीला म्हणावं, आज्याला इचार, त्याच्या जाळ्यात काय काय यायचं. वाम, मरळ, खवल्या, समदं सांगंल. मंग बापाच्या आजच्या जाळ्यातलं त्याच्या शेजारी लिव्ह. आन् एक, वली जाळी तशीच दुसऱ्या तळ्यात नेऊ नगा. जलपर्णीचा तुकडा अडकला की तिथंबी पसरती.

— प्रश्न विचारणारी
दादा, आजोबांची यादी सोमवारीच करून घेते. त्याआधी त्या पोरीला जवळ बसवून सांगेन की तिच्या पप्पांचं काहीच चुकलेलं नाही. उपटलेली जलपर्णी परसबागेच्या खतात टाकली तर चालेल का?

— बीडहून एक शिक्षक
फुलं यायच्या आधीचीच घ्या, बी वर्षानुवर्षं तग धरतं. आधी पाण्यापासून लांब, उन्हात पार कडक वाळू द्या.