मोतीबिंदू आणि भिंगाची निवड : कामातले बारकावे सांगा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढुळलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. ते कोणतं, हे ठरवायच्या आधीच हातात पॅकेजचं दरपत्रक पडतं आणि खरे प्रश्न मागे राहतात. या कामातल्या मंडळींनी लिहावं: मापं, थेंब, कुठे फसतं आणि का. 'आत्याचं छान झालं' एवढंच नको.

डोळे मोजणारा तंत्रज्ञ
किमतीआधी मोजणी. बायोमेट्रीत डोळ्याची लांबी (सरासरी 23.5 मिमीच्या आसपास) आणि कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा) बाक मोजतात. लांबीत 1 मिमीची चूक म्हणजे नंबर अडीच-तीनने हुकला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मोजणीच्या एक-दोन आठवडे आधी काढून ठेवा; कडक असतील तर त्याहून जास्त दिवस. डोळे कोरडे असले की बाकाचे आकडे दर वेळी वेगळे येतात. मग आधी ओलाव्याचे थेंब, नंतर पुन्हा मोजणी. त्यात घाई नको.

मायनस नंबरसाठी लॅसिक (लेसरने नंबर घालवण्याचं ऑपरेशन) झालेलं असेल तर जुने कागद शोधाच. कॉर्नियाची ताकद आहे त्यापेक्षा जास्त धरली जाते, भिंग कमी पॉवरचं बसतं आणि प्लस नंबर उरतो.

टोरिक भिंग सिलिंडर नंबरसाठी (बाक सगळ्या दिशांना सारखा नसला की येतो तो) असतं, पण चष्म्यातला सिलिंडर पाहून ते ठरवू नये. त्यातला काही भाग गढुळलेल्या भिंगाचाच असतो आणि तो त्याच्याबरोबर जातो. कॉर्नियाचा सिलिंडर पाहायचा. टोरिक 1 अंश फिरलं की सुमारे 3 टक्के परिणाम कमी होतो, 30 अंश फिरलं तर सगळाच.

नेत्रशल्यचिकित्सक
मोनोफोकल एकाच अंतरासाठी. दूरचं धरलं तर पेपर वाचायला चष्मा लागणारच, आणि हे आधी न सांगितल्यानेच अर्ध्या तक्रारी येतात. ट्रायफोकल दूर, मधलं आणि जवळचं अशा तीन अंतरांत प्रकाश वाटून देतं. चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात आणि उठाव (कॉन्ट्रास्ट) थोडा कमी होतो. काचबिंदू किंवा मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असेल, किंवा रात्रीचं ड्रायव्हिंग हेच काम असेल, तर मी ते सुचवत नाही. इडॉफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला लांबवणारं भिंग) मध्ये दूरचं आणि संगणकाच्या अंतराचं जमतं, बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो. मधुमेह्यांनी आधी पडद्याचा ओसीटी (थरांचा स्कॅन) करावा.

'परदेशी म्हणजे चांगलं' हे सोडा. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये 1992 पासून भिंगं बनतात.

आणि मोतीबिंदू 'पिकू' देऊ नका. कडक गाभा फोडायला फेकोची (अल्ट्रासाउंडने गाभा फोडून छोट्या चिरेतून काढण्याची पद्धत) जास्त ऊर्जा लागते, त्याने कॉर्निया सुजतो. फारच कडक असेल तर मोठ्या चिरेची, तरीही बिनटाक्याची पद्धत बरी. ती कमी प्रतीची नाही. फेकोची चीर 2.2 ते 2.8 मिमीची.

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर
प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर आधी सांगा. ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत भाग ढिला पडतो आणि बाहुली आकसते. गोळी बंद केली तरी धोका पूर्ण जात नाही, पण डॉक्टर तयारीत राहतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका.

घरी आल्यावर: दोन थेंबांमध्ये 5 मिनिटांचं अंतर, कारण लगेच टाकलेला दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. स्टेरॉइडची बाटली दुधाळ असेल तर हलवून. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. स्टेरॉइड डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात दुखणं, लाली वाढली किंवा नजर घटली तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्गात तासांचा हिशोब असतो.

विम्याचे दावे पाहणारी
बऱ्याच पॉलिसींत एका डोळ्यामागे मर्यादा आणि दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. ट्रायफोकलचा फरक बहुधा खिशातून. भिंगाचं स्टिकर (मॉडेल, पॉवर, अनुक्रमांक) फाइलला चिकटवून घ्या.

पुन्हा तंत्रज्ञ
चष्म्याचा पक्का नंबर चार-सहा आठवड्यांनी घ्या. काही महिन्यांनी वा वर्षांनी धूसर झालं की लोक म्हणतात 'मोतीबिंदू परत आला'. तो येत नाही. भिंगामागची पिशवी गढुळते. यॅग लेसरने तिला मध्यभागी भोक पाडतात. काम काही मिनिटांचं, टाका नाही, चीरही नाही.