मदत हवी आहे: कोळ्याच्या तोंडच्या मधमाशीवर बसणाऱ्या बारीक माश्या कोणत्या?

नमस्कार मंडळी,

कोळ्याने धरलेल्या मधमाशीवर काळ्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या माश्या जमतात. कोळी खात असतो आणि या त्याच्या तोंडापाशीच सोंड टेकवून रस पितात. तो हाकलतही नाही. भक्ष्य पतंग असला तर क्वचितच एखादी दिसते, मधमाशी असली की मात्र बघता बघता घोळका!

जाळ्यातले चोर म्हणून आर्जिरोडिस माहीत आहे, पण तो स्वतः कोळीच. पॅनॉर्पा हा कीटक जाळ्यावर चालत जाऊन मेलेले किडे पळवतो असं वाचलंय, पण तो आकाराने बराच मोठा. मग या कोण? आणि मधमाशीच सापडलीय हे त्यांना इतक्या लवकर कसं कळतं?

प्रतिसाद

वर्णनावरून मिलिचिइडी कुळातल्या, बहुधा डेस्मोमेटोपा वाटतात. घायाळ मधमाशी डंख आणि जबड्याजवळच्या ग्रंथींतून धोक्याचा गंध सोडते. तो पोळ्यातल्या इतर मधमाश्यांसाठी असतो, पण ह्या त्याच वासाचा माग काढत येतात. येणाऱ्या बहुतेक माद्या असतात. कोळी भक्ष्यात पाचकरस सोडून ते पातळ करून शोषतो, त्यामुळे यांना आयतं पेय मिळतं. एवढ्याशा जिवाच्या मागे लागून कोळ्याच्या हाती काही लागत नाही.

याहून विलक्षण गोष्ट खर्चुडी या वनस्पतीच्या वंशातली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनीचं फूल हल्ला झालेल्या मधमाशीचा वास सोडतं. जेवणाच्या आशेने आलेल्या डेस्मोमेटोपा फुलात अडकतात आणि परागीभवन करून जातात. हे संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. चोरालाच फसवणारं फूल!

खात्रीसाठी कपाळाचा फोटो हवा. डेस्मोमेटोपाच्या कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी मखमली काळी खूण असते. तिथे मोठा चकचकीत त्रिकोण दिसला तर क्लोरोपिडी कूळ समजा. त्या माश्याही अशाच येतात.

धागाकर्ती

मनापासून आभार! वासाचं डोक्यात आलंच नव्हतं. माझे सगळे फोटो बाजूने काढलेले आहेत, त्यांत सोंड दिसते, कपाळ नाही. कपाळासाठी कॅमेरा नेमका कुठून धरू?

प्रतिसाद

वरून, किंचित पुढून. त्या पिण्यात गुंग असतात तेव्हाच जवळ जा, फक्त जाळ्याला धक्का लागू देऊ नका. बाजूचे फोटोही टाका. सोंड लांब आणि मधेच कोपरासारखी दुमडलेली असेल तर अर्धं काम तिथेच होईल.