हप्ता द्यायचा की थांबायचं? कोपरखैरण्याच्या घरावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

*बी-६०३, रात्री ९:१२*
नमस्कार. घरची गोष्ट ग्रुपवर आणतेय, माफ करा, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. कोपरखैरण्याचं आमचं जुनं रो-हाऊस पाडून नवीन बांधतोय, म्हणूनच इथे भाड्याने आलो हे तुम्हाला माहीत आहे. तळमजला अधिक एक, १४०० चौरस फूट, मटेरियलसकट २१०० दर, म्हणजे २९ लाख ४० हजार. पैकी साडेचौदा लाख दिलेत. काम झालंय जोतं, खालचे कॉलम आणि पहिला स्लॅब. भिंतीची एक वीट लागलेली नाही. आता ठेकेदार म्हणतो साडेतीन लाखांचा हप्ता, शिवाय १ लाख ८५ हजार एक्स्ट्रा, ते आधी द्या, नाहीतर माणसं येणार नाहीत. आठ दिवस काम बंद आहे. काल मिक्सर आणि सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटासुद्धा उचलून नेल्या.

*बी-६०३, ९:१५*
हे फोटो बघा. हॉलचा बीम कॉलमला मिळतो तिथे नुसती खडी दिसतेय. बोट घातलं की पेरभर आत जातं आणि सळईला लागतं. त्याला दाखवलं तर म्हणाला, "ताई, प्लास्टरमध्ये झाकलं जाईल."

*ए-१०४, ९:२१*
वहिनी, मी अनुभवाने सांगतो. मे संपत आला, मृग तोंडावर आहे. पैसे देऊन टाका, वरचा स्लॅब पडू दे, मग काय ते भांडा. माझ्या भावाचं असंच अडलं होतं. दोन पावसाळे सळया उघड्यावर गंजल्या आणि शेवटी दुसऱ्या माणसाने दुप्पट पैसे घेतले.

*सी-२०१ काका, ९:३४*
मी ३१ वर्षं बांधकाम खात्यात होतो, म्हणून बोलतो. पहिली गोष्ट, तिथे प्लास्टर अजिबात करू देऊ नका. याला हनीकोंब म्हणतात. काँक्रीट ओतताना ते हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही किंवा फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी निघून गेलं की असं होतं. स्लॅबच्या मधोमध असतं तर वेगळी गोष्ट. बीम-कॉलमचा सांधा म्हणजे घराचा खांदा आहे. वरून गिलावा लावला तर दिसायचं बंद होईल, पण आतली सळई गंजत राहील. खाडीच्या हवेत तर लवकरच.
स्लॅब कधी पडला आणि टेकू कधी काढले, तारखा सांगा.

*बी-६०३, ९:३८*
स्लॅब ४ मेला. टेकू १० तारखेला काढले. सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, त्या रोज संध्याकाळी पाणी मारलं का बघायला जायच्या.

*सी-२०१ काका, ९:४६*
सहा दिवस! हॉल केवढा आहे?

*बी-६०३, ९:४७*
१६ फूट बाय ११.

*सी-२०१ काका, ९:५५*
१६ फूट बाजूने गाळा, म्हणजे आधारापासून आधारापर्यंतचं अंतर, धरला तर पावणेपाच-पाच मीटरच्या घरात जातो. आय.एस. ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरच्या वरच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस ठेवायला सांगितलंय. त्याहून लहान स्लॅबला ७. बीम लहान असला तरी त्याचे टेकू १४. आता ११ फुटांची बाजू धरली तर स्लॅबला ७ दिवस चालतील, पण तुमच्याकडे सहाच झाले, आणि बीमखालचेही त्याच दिवशी काढले ना? प्लेटा दुसऱ्या साइटवर लावायची घाई, बाकी कारण नसतं. सासूबाईंच्या कॅलेंडरच्या त्या पानाचा आजच फोटो काढा.

*डी-५०२, १०:०३*
मी सेंट्रिंगचं मटेरियल भाड्याने देतो, म्हणून दुसऱ्या बाजूचंही बोलतो. दरवेळी ठेकेदारच चोर असतो असं नाही. मालक मध्येच नकाशा बदलतात, "दादा, एवढंच वाढवा" म्हणतात आणि बिल आलं की विसरतात. ताई, तुम्ही काही वाढवून घेतलंय का? खरं सांगा, म्हणजे नेमका सल्ला देता येईल.

*बी-६०३, १०:११*
हो, बाल्कनी दोन फूट वाढवली, १४ फूट लांबीत. मीच सांगितलं, तोंडी. एक्स्ट्रामध्ये त्याने तिचे ६५ हजार धरलेत. पायाला खोल जावं लागलं त्याचे ५० हजार, आणि सळईचा भाव वाढला त्याचे ७० हजार.

*सी-२०१ काका, १०:२२*
आता तिन्ही वेगवेगळं धरा. बाल्कनी १४ गुणिले २, म्हणजे २८ चौरस फूट. तुमच्याच दराने ५८ हजार ८००, तेही सगळं काम पूर्ण झाल्यावर. आज स्लॅबपुरताच त्यातला भाग. हे देणं आहे, नाकारू नका.
सळईचा भाव: करारात काय लिहिलंय?

*बी-६०३, १०:२५*
"मटेरियलसकट, दर पक्का." एवढंच. आणि हप्ते तारखेवर लिहिलेत, कामावर नाहीत. सही करताना ते लक्षातच आलं नाही.

*सी-२०१ काका, १०:२७*
मग ७० हजार लागू होत नाहीत. पाया भरला तेव्हा खड्ड्याचा फोटो काढला होता का?

*बी-६०३, १०:३९*
एक सापडला. हे खड्ड्यात उतरलेत आणि काठ यांच्या डोक्याच्या वर दिसतोय. यांची उंची ५ फूट ७ इंच. नकाशात पाया ५ फूट.

*सी-२०१ काका, १०:४४*
म्हणजे तो खोल गेलाय, आणि त्या पट्ट्यात खाली मऊ चिखल लागणं नवीन नाही. या बाबतीत तो खोटं बोलत नाही. रक्कम बरोबर की चूक ते मोजून ठरेल. पण त्याचं काम त्याने केलंय तेवढं कबूल केलंत, की बाकीचं मागताना तुमच्या बोलण्याला वजन येईल.

*सेक्रेटरी, १०:५०*
एक विनंती. ठेकेदाराचं नाव, नंबर, त्याच्या गाडीचा फोटो कोणीही ग्रुपवर टाकू नये. चर्चा चालू द्या.

*ए-७०१ वहिनी, ११:०५*
मी ग्राहक न्यायालयाची कामं करते. आत्ताच कोर्टकचेरी करा म्हणत नाही, पण दार कुठे आहे ते माहीत असू द्या. रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या नियामकाकडे, हे जाणार नाही. तो फ्लॅट विकणारा बिल्डर नाही, तुमच्याच प्लॉटवर तुमच्यासाठी काम करणारा ठेकेदार आहे. ग्राहक आयोगात मात्र जातं. २०१९ च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे, आणि १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही घर बांधून देणं ही सेवाच मानली. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे, आणि नवी मुंबईसाठी बेलापूरला कोकण भवनात बसतो. तुम्ही साडेचौदा लाख दिलेत, म्हणजे फी ४०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. पोलिसांत गेलात तर बहुतेक दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.
पण तिथे आयोग विचारतो, दोष कशावरून? तुमचं म्हणणं आणि चार फोटो यावर भागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल लागतो. तोही दुरुस्तीच्या आधीचा.

*ए-१०४, ११:१०*
म्हणजे पावसाळाभर वाट बघायची?

*ए-७०१ वहिनी, ११:१४*
नाही दादा. अहवाल दोन-चार दिवसांत होतो. पैसे आधी दिले आणि वरचा स्लॅब त्याच सांध्यावर चढला, तर पुढे कुठल्या दुरुस्तीला हात घालणार?

*सी-२०१ काका, ११:२०*
मलाही पावसाची काळजी आहे, पण कच्च्या खांद्यावर ओझं नको. आणखी एक करा, फुकट आहे. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया निघाल्यात ना, त्या मोजा. नकाशात प्रत्येक कॉलमला किती आणि किती जाडीच्या ते लिहिलेलं असतं. जाडी कळायला सळईभोवती दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर धरा. १६ मिलीमीटरला ५० मिलीमीटरच्या आसपास दोरा लागतो, १२ ला ३८ च्या आसपास. सळईवरच्या रेषांमुळे किंचित जास्त येईल. मीटरला वजन १६ चं १.५८ किलो, १२ चं ०.८९. म्हणजे जवळजवळ निम्मं.

*बी-६०३, दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:५२*
काका, सकाळी सहाला गेलो. नऊ कॉलम आहेत. नकाशात प्रत्येकाला कोपऱ्यात १६ च्या चार आणि मध्ये १२ च्या चार. सात ठिकाणी बरोबर आहे. मागच्या बाजूच्या दोन कॉलमना कोपऱ्यातल्या सळयांनाही दोरा ३९ लागला. मी तीनदा मोजला. हात थरथरत होते.

*सी-२०१ काका, ८:५८*
ताई, घाबरू नका. वर दिसतंय तेच खाली आहे असं यावरून सिद्ध होत नाही. खालून १६ ची आणून वर १२ ची जोडली असेल. कव्हर मीटर (काँक्रीटच्या आतली सळई शोधणारं यंत्र) लावून किंवा थोडं काँक्रीट फोडून बघावं लागेल. ते आपण करायचं नाही, इंजिनिअरच करेल. पालिकेच्या परवानगीवर ज्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे त्यालाच बोलवा. नकाशा त्याचा, जबाबदारीही त्याची. रिबाउंड हॅमरही घेऊन यायला सांगा, स्लॅबची ताकद अंदाजाने तरी कळेल.

*डी-५०२, ९:१६*
हे मोजल्यावर मीसुद्धा म्हणतो, हप्ता थांबवा. आणि पुढे त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं ठरलं, तर नवा कागद करा. पैसे तारखेला नाही, कामाला: विटकाम झालं की एवढे, वरचा स्लॅब झाला की एवढे. शेवटचे दीड-दोन लाख काम संपून एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. आमच्या धंद्यातला सरळ माणूस याला नाही म्हणत नाही.

*बी-६०३, ९:३०*
अजून एक विचारायचं होतं. साइटवर राखणीला बिगारी जोडपं आहे, पत्र्याच्या खोलीत, दोन लेकरं. बाई म्हणाली दोन आठवडे मजुरी नाही. ठेकेदार त्यांना सांगतो, मालकीण पैसे देत नाही म्हणून. मला फार वाईट वाटलं. मी थेट दिले तर चालतील का?

*ए-७०१ वहिनी, ९:४१*
मनात आहे तर द्या, पण त्यांची सही किंवा अंगठा घ्या, "ठेकेदाराकडून येणं असलेल्या मजुरीपोटी, त्याच्या हिशोबातून वळते" असं लिहून. आणि त्याच दिवशी ठेकेदाराला मेसेज करा. नोटिशीचा मसुदा दुपारपर्यंत पाठवते, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह जाईल. भाषा मऊ ठेवलीये: बाल्कनी आणि पायाचं देणं मोजमापावर मान्य, हनीकोंब आणि दोन कॉलम इंजिनिअर सांगेल तसे दुरुस्त करून द्या, तोवर पुढचा हप्ता नाही. १५ दिवसांची मुदत.

*ए-१०४, ९:४८*
६०३ वहिनी, काल मी पैसे द्या म्हणालो ते मागे घेतो. सळया गंजू नयेत म्हणून वर निघालेल्या टोकांना सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं सिमेंट) लावून घ्या, भावाकडे ते राहिलं होतं. माझ्याकडे मोठी ताडपत्री आहे, संध्याकाळी आणून देतो.

*बी-६०३, संध्याकाळी ७:२०*
इंजिनिअर उद्या सकाळी नऊला येतायत. ठेकेदारालाही कळवलं. आधी फोन आपटला, मग अर्ध्या तासाने त्याचाच आला, "येतो" म्हणाला. बाईला तीन हजार दिले, अंगठा घेतलाय. काका, तुम्ही याल ना? साडेआठला गाडी घेऊन सी विंगखाली थांबते. नकाशा, करार, कॅलेंडरचं पान आणि दोरा, सगळं पिशवीत भरून ठेवलंय.

*सी-२०१ काका, ७:२४*
सव्वाआठला खाली येतो. ओळंबा माझा आहे, तोही आणतो. कॉलम सरळ आहेत का तेही बघून घेऊ.