‘क्लंक’ला मराठीत काय म्हणाल? शिवाय करकर आणि कुरकुर एकच का?

ओळीमागे
उचललेल्या (म्हणजे किट लावून उंच केलेल्या) पिकअपच्या सस्पेन्शनमधले, म्हणजे चाकं आणि चौकट जोडणाऱ्या स्प्रिंगा-दांड्यांमधले, आवाज ओळखण्याचा एक इंग्रजी तक्ता मराठीत आणतेय. डाव्या रकान्यात आवाजाचं नाव, मधल्यात तो कधी येतो, उजव्यात काय तपासायचं. मधला आणि उजवा रकाना झाला. अडलंय ते डाव्यात. मुळात सहा आवाज आहेत: क्लंक, नॉक, रॅटल, स्क्वीक, क्रीक, ग्रोन. रॅटलला खडखड चालेल. पण माझ्या सहकाऱ्याने क्लंकलाही खडखडच सुचवलंय, आणि ते मला पटत नाही. क्लंक म्हणजे जड लोखंड जड लोखंडावर एकदाच आपटतं तो आवाज. गतिरोधकावरून चाक उतरलं की एकदा, ब्रेक दाबला की एकदा. ‘खाडकन’ म्हणता येतं, पण ते क्रियाविशेषण झालं. रकान्यात नाम हवं. दुसरं असं की सहकाऱ्याच्या मते करकर आणि कुरकुर यांत काहीच फरक नाही. तुमच्या कानांना फरक जाणवतो का?

हलन्त
जाणवतो. पण आधी पहिला प्रश्न. आवाज किती वेळा झाला हे मराठी शब्दाच्या शेपटात सांगते. एकदाच झाला तर ‘-कन’ किंवा ‘-दिशी’: खटकन, खट्दिशी. पुन्हा पुन्हा झाला तर शब्द दुणावतो: खटखट. सलग आणि मोठा झाला तर ‘-आट’: खडखडाट, गडगडाट. अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक असे प्रकार शाळेत पाठ करून घेतात, पण ही खरी गंमत तिथे कुणी सांगत नाही. म्हणून क्लंकला खडखड म्हणणं साफ चूक आहे. एकदा वाजणाऱ्या गोष्टीला तुम्ही अनेकदा वाजणारी करून टाकता.

नाम हवं असेल तर ‘-का’कडे बघा. खटका, दणका, फटका, झटका, गचका, ठसका. सगळे एकेकटे, एका क्षणात संपणारे. माझं मत ‘दणका’.

शुद्धमती
दणका हा मुख्यतः आघात आहे, आवाज नंतर. ‘खटका’ योग्य.

ओळीमागे
खटका म्हटलं की बटण किंवा दाराची कळ डोळ्यांपुढे येते. ‘मनाला खटका लागला’ हेही आहेच. गाडीच्या तक्त्यात वाचणारा थबकेल असं वाटतं.

पानापक्कड
गाड्यांखाली झोपण्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. आमच्याकडे येणारा माणूस यांतला एकही शब्द वापरत नाही. तो म्हणतो, ‘पुढून खट् करतंय’, ‘मागून काहीतरी ढिलं आहे’. ‘खट् आवाज’ लिहा, कुणालाही कळेल.

पण ताई, नावापेक्षा मधला रकाना मोठा करा. उंची वाढवलेल्या गाडीत एकच खट् चार जागांहून येतो, आणि चौकट (चासी) सगळीकडे आवाज वाहून नेते. पुढे वाटतो तो मागचा निघतो. म्हणून मी आधी विचारतो, कधी येतो?

गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं की खट् येतो का? पुढचा एक्सल सलग असेल तर पॅनहार्ड रॉड बघा, म्हणजे एक्सलला चौकटीशी आडवा बांधून ठेवणारा दांडा. गाडी वर गेली की हा रॉड जास्त तिरका होतो, एक्सल थोडा एका बाजूला सरकतो आणि रॉडच्या बोल्टवर ताण वाढतो. बोल्ट जरा सैल राहिला की ब्रॅकेटमधलं भोक लांबट होतं. मग कितीही आवळा, खट् परत येतो. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने एकेका जोडावर हात ठेवायचा. कानाला जे कळत नाही ते बोटांना कळतं.

चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की खट् येतो का? मग शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) त्याच्या शेवटाला जाऊन आपटतोय. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या, डोक्यावर नुसता ठोकळा घालून उंची घेतलेली असते तिथे हे बहुधा सापडतं, कारण खाली जायला जागाच उरलेली नसते. कधी चाकाला धरणारा वरचा आर्मही स्प्रिंगला टेकतो. तिथे रंग उडालेला, घासल्याची चकाकी दिसते.

गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताना मागून खट्? प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा वळता सांधा बघा, मग पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या बघा. एक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळा टाकून गाडी उचलली असेल तर जोर पडताच एक्सल पिळतो आणि पाटे एस अक्षरासारखे वळतात. ठोकळा जितका उंच तितका हा पीळ जास्त. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्टही तपासा. ते आवळताना ताणले जातात, म्हणून काम केलं की नवेच घालायचे, आणि काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा आवळायचे. ही दुसरी आवळणी सगळे विसरतात.

आणि हे सगळं नुसत्या जॅकवर करू नका. खाली स्टँड लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जायचं नाही.

रानवाट
पानापक्कड काका, शेवटचं वाक्य तक्त्याच्या अगदी वर यायला हवं.

माझ्या पिकअपचं पुढचं खट् महिनोन्महिने सापडत नव्हतं. सगळे बॉल जॉइंटकडे, चाकाजवळच्या गोळीच्या सांध्याकडे, बोट दाखवत होते. मी स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही लिंक सोडल्या आणि सपाट मोकळ्या जागेत अगदी हळू फिरवली. आवाज गायब. उंची वाढल्यावर जुनी लिंक आखूड पडली होती आणि ताणलेल्या स्थितीत तिचा जोड झिजला होता. सोडून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त तशीच गाडी वेगात चालवायची नाही.

शब्दाचं म्हणाल तर ‘उचललेली पिकअप’ नका लिहू. गाडी उचलली म्हणजे ओढून नेली किंवा चोरली. आम्ही ‘लिफ्ट केलेली’ म्हणतो.

शुद्धमती
‘उंचावलेली’ का नको?

हलन्त
उंचावतात भुवया, अपेक्षा, हात. गाडीला ‘उंची वाढवलेली’ सरळ आहे. पानापक्कड यांनी वर सहज तेच लिहिलंय, बघा.

रानवाट
त्यातही फरक आहे. मोठे टायर घातले तर एक्सलच वर जातो. लिफ्ट किटने एक्सल तिथेच राहतो आणि चौकट त्याच्यापासून दूर जाते. ‘उंची वाढवलेली’त दोन्ही येतात, ‘लिफ्ट केलेली’त दुसरंच. कोन बदलतात ते दुसऱ्यात, म्हणून आवाजांचा संबंध तिथेच.

आजोळ
करकर-कुरकुरबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. वंगण सुकलं की आख कुरकुरायचा, आणि ते म्हणायचे, ‘गाडी कुरकुरतेय, म्हणजे मागतेय काहीतरी.’ करकर हा शब्द त्यांनी गाडीला कधी लावला नाही. तो नव्या वहाणांना. करकर नव्याची आणि कोरड्याची, कुरकुर जुन्याची आणि झिजलेल्याची. माझ्या मनात तेव्हापासून हे असंच बसलं आहे.

आख हा शब्द अक्षवरून आलाय, अक्ष, अक्ख, आख. इतका सुंदर शब्द घरात असताना तुम्ही सगळे एक्सल का लिहिता?

पानापक्कड
कारण सुट्या भागांच्या दुकानात आख मागितला तर मिळणार नाही, आजी.

हलन्त
आजोळ, नव्या-जुन्याची वाटणी सगळीकडे लागू पडत नाही. दात करकर खातात, ते नवे नसतात. माझा अंदाज असा की फरक स्वरात आहे. इ बारीक आवाजाला, अ मोकळ्या कडक आवाजाला, उ दबलेल्या आवाजाला. किरकिर, करकर, कुरकुर. टिकटिक, टकटक. किणकिण, खणखण. करकर म्हणजे दोन कडक पृष्ठभाग उघड्यावर घासतात. कुरकुर म्हणजे घासणं आत कुठेतरी दडलेलं, वर काहीतरी मऊ आवरण असलेलं. मग क्रीकला कुरकुर आणि धातूवर धातू घासला तर करकर.

शुद्धमती
कुईकुईमध्ये उ आहे आणि आवाज सगळ्यांत बारीक. तुमचा नियम इथेच मोडतो.

हलन्त
कुईकुईत बारीकपणा ई आणतो. उ नुसता उंबरठा आहे.

शुद्धमती
नियम मोडला की अपवादाला उंबरठा म्हणायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

पानापक्कड
हलन्त यांचं दबलेल्या आवाजाचं म्हणणं मला कामाच्या जागी पटतं. रबरी बुशात, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबराच्या आवरणात, रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले आणि मग गाडी खाली सोडली तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं आणि तोवर कुरकुरतं. लिफ्ट बसवताना ही चूक सर्रास होते. बोल्ट फक्त अडकवून ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग शेवटचं आवळायचं.

पॉलियुरेथेनच्या बुशात उलट. तिथे नळी आत खरोखर फिरते, म्हणून ग्रीस लागतं, आणि सुकलं की कुईकुई. ग्रीस सिलिकॉनचं घ्या. खनिज तेलाचं ग्रीस जवळच्या रबराला लागलं तर ते फुगतं. कुठलं बुश ओरडतंय हे बघायला एकेकावर पाणी मारा आणि गाडी दाबून सोडा. आवाज बदलला तो अपराधी.

बेअरिंगला मात्र आम्ही सगळेच घरघर म्हणतो, त्यावर वाद नाही. आणि तो आवाज चाकाच्या वेगाबरोबर चढतो. खड्ड्याबरोबर येतो तो सस्पेन्शनचा, वेगाबरोबर येतो तो फिरणाऱ्या भागाचा. ही एक ओळ तक्त्यात असेल तर निम्मे लोक चुकीच्या जागी पाना लावणार नाहीत.

ओळीमागे
हे फार मोलाचं आहे. मधला रकाना मी नव्याने मांडतेय. मग ग्रोनला घरघर नको, तो सस्पेन्शनचाच आहे. ‘कण्हणं’ चालेल?

आजोळ
कण्हतो तो जीव. पण चालेल. छानच आहे.

शुद्धमती
मूळ शब्दच परका ठेवून आवाजांवर इतका खल करणं मला विचित्र वाटतं. सस्पेन्शनला ‘निलंबन’ हा शब्द आहे. लम्ब् म्हणजे लोंबणे. लंबक, अवलंब याच कुळातले. लॅटिन शब्दाचा अर्थही टांगणे हाच. जुन्या घोड्यांच्या बग्ग्यांत बैठक चामड्याच्या पट्ट्यांवर खरोखर टांगलेली असे, तिथून हा शब्द गाडीत आला. निलंबन अर्थाला नेमका आहे.

रानवाट
‘माझ्या गाडीच्या निलंबनातून आवाज येतोय.’ हे वाक्य कुणाला सांगून बघा. नोकरीवरून काढलेला माणूस आठवेल.

शुद्धमती
सस्पेन्शन या शब्दालाही तोच अर्थ आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना अडचण होत नाही. आपल्यालाच का व्हावी? शब्द वापरला नाही म्हणून तो अनोळखी राहतो, आणि अनोळखी आहे म्हणून आपण वापरत नाही. हे चक्र कुणीतरी तोडायला हवं.

हलन्त
इथे मी शुद्धमतींच्या बाजूने अर्धा आहे. पण आजच्या गाडीत बैठक टांगलेली नसते, स्प्रिंगवर टेकलेली असते. नवा शब्द करायचाच तर जुनं चित्र का भाषांतरित करायचं? ‘धक्काशोषक’चं हेच झालं. धक्का झेलते ती स्प्रिंग. तो दांडा फक्त नंतरची हेलकावणी विझवतो. भौतिकशास्त्रात डँपिंगला अवमंदन म्हणतात. अर्थ बघितला तर तो ‘अवमंदक’ व्हायला हवा. मूळ भाषेतली चूक आपण इमानेइतबारे उतरवून घेतली.

पानापक्कड
आणि शॉकअप?

हलन्त
शॉकअप हा मराठी शब्दच आहे आता. शॉक ॲब्सॉर्बर तोंडात फिरून फिरून गुळगुळीत झाला. तो कुणी शिकवला नाही, कुणी मंजूर केला नाही, आणि तरी सगळ्यांना कळतो.

शुद्धमती
अपभ्रंशाला मराठी म्हणायचं आणि घडवलेल्या शब्दाला कृत्रिम, हा दुजाभाव आहे. आख हाही अक्षाचा अपभ्रंशच. तो सुंदर, शॉकअपही सुंदर, फक्त निलंबन तेवढं वाईट?

आजोळ
आखाला शेकडो वर्षं लागली हो. त्याने भार वाहिलाय.

ओळीमागे
तक्त्याचं शीर्षक ‘सस्पेन्शनमधले आवाज’ असंच ठेवतेय, आणि विशेषण ‘लिफ्ट केलेली’. पण क्लंक अजून राहिलाच आहे. ‘खट्’ हे नाम म्हणून छापलं तर हलन्त चिन्हासकट बरं दिसेल का?

रानवाट
काका, पाटे हा शब्द कुठून आला? आम्ही लीफ म्हणतो. लीफ म्हणजे पान, मग पाते व्हायला हवं होतं ना?

पानापक्कड
पाटाच. पाटा बसला, पाटा तुटला, मुख्य पाटा. पातं पंख्याला.

हलन्त
संस्कृत पट्ट. पाट, पाटी, पट्टी, पट्टा सगळे तिथलेच. चपटं, लांब ते पट्ट. लीफचं भाषांतर कुणी केलंच नाही. ज्याने पहिल्यांदा ती वस्तू हातात घेतली त्याने तिच्याकडे बघून नाव ठेवलं.

शुद्धमती
मग स्प्रिंगला ‘कमान’ही तसंच ना? फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आणि पाट्यांचा जुडगा वाकवलेल्या धनुष्यासारखाच असतो. कमानपाटा हा शब्द मी ऐकला आहे. तो तक्त्यात का नाही?

पानापक्कड
कमानपाटा बरोबर आहे, जुने लोक म्हणतात. पण गुंडाळीच्या स्प्रिंगला कमान म्हणू नका, गोंधळ होईल.

आजोळ
गुंडाळीची का नको? घड्याळाच्या आतली गुंडाळलेली असते, तिला आमच्या घरी कमानच म्हणायचे.