शब्दचर्चा: ‘वायर प्रोटोकॉल’ला काय म्हणावे? शिष्टाचार, संकेत की बोली?

जिज्ञासू: डेटाबेसचा क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात जे बाइट जातात-येतात, त्यांची मांडणी आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांना ‘वायर प्रोटोकॉल’ म्हणतात. याला मराठी शब्द कोणता? ‘राजशिष्टाचार’ आहे, पण तो पाहुण्यांच्या स्वागताचा. जमल्यास हँडशेक, पॅकेट, पार्स, बाइंड यांचाही विचार व्हावा.

बिट-बाइट: शिष्टाचार नकोच. शिष्टाचार मोडला तर कोणी रुसते, समारंभ चालू राहतो. इथे चार बाइटांचा हिशेब चुकला की संभाषणच खुंटते. ‘सिलेक्ट १’ एवढीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) घ्या, रिकामी जागा धरून ८ बाइट. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आधी १ बाइटचे, संदेशाचा प्रकार सांगणारे प्रकाराक्षर ‘क्यू’, मग ४ बाइटांत लांबी, मग मजकूर, शेवटी १ शून्य बाइट. एकूण १४ बाइट जातात, पण लांबीच्या रकान्यात १३ असतात, कारण ती लांबी स्वतःला मोजते, प्रकाराक्षराला नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आधी ३ बाइट लांबी, १ बाइट अनुक्रमांक, मग १ बाइटात ३ हा आज्ञेचा क्रमांक आणि मजकूर. साध्या रूपात एकूण १३ बाइट, लांबी मात्र ९. तिथे लांबी आणि अनुक्रमांक मिळून होणारा ४ बाइटांचा मथळा (हेडर) मोजतच नाहीत. शिवाय पोस्टग्रेस आकड्यातला जास्त किमतीचा बाइट आधी पाठवतो, मायएसक्यूएल कमी किमतीचा.

म्हणजे ‘लांबी’ या एका शब्दाचेच दोन अर्थ झाले. पोस्टग्रेसची लांबी स्वतःला न मोजणारी समजून वाचणारा प्रोग्राम न आलेल्या ४ बाइटांची वाट बघत बसतो, किंवा पुढच्या संदेशाचे पहिले ४ बाइट गिळतो आणि मग सगळेच अक्षर-अर्थ घसरतात. एरर कुठेतरी भलतीकडेच दिसते.

काना-मात्रा: व्युत्पत्ती गमतीची आहे. ग्रीक ‘प्रोटोकोलॉन’ म्हणजे पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला डिंकाने चिकटवलेले पहिले पान. आत काय आहे ते या पानावरून कळे. वर ज्याला ‘मथळा’ म्हटले, तो अगदी हेच काम करतो! हेडरला ‘मथळा’ चांगला बसतो. पॅकेटला ‘पाकीट’ म्हणायला हरकत काय? शब्द तिकडूनच आला आणि कधीच घरचा झाला.

बिट-बाइट: पाकीट चालेल, पण ‘संदेश’ आणि ‘पाकीट’ वेगळे ठेवा. मायएसक्यूएलच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १,६७,७७,२१५ बाइट मावतात, कारण लांबीला ३ बाइटच आहेत. संदेश त्याहून मोठा असेल तर अनेक पाकिटे होतात. नेमका तेवढ्याच मापाचा असेल तर मागून एक रिकामे पाकीट पाठवावे लागते, नाहीतर समोरच्याला संदेश संपला हे कळत नाही. ड्रायव्हर (प्रोग्रामच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा भाग) स्वतः लिहिणारे इथे हमखास चुकतात. अनुक्रमांक प्रत्येक नव्या आज्ञेला ० पासून सुरू होतो. एकच जोडणी प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांनी (थ्रेडनी) एकदम वापरली की ‘पॅकेट्स आउट ऑफ ऑर्डर’ ही एरर येते ती यामुळेच.

पोर्टवाला: हँडशेकला, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीला, ‘हस्तांदोलन’ रूढ आहे, असू द्या. फक्त हात आधी कोणी पुढे करायचा, हे शब्दात येत नाही. पोस्टग्रेसमध्ये (नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ५४३२) क्लायंट आधी बोलतो. त्याच्या पहिल्या संदेशाला प्रकाराक्षरही नसते, लांबीनंतर थेट प्रोटोकॉलची आवृत्ती येते. ३.० म्हणजे १९६६०८, कारण ३ गुणिले ६५५३६. मायएसक्यूएलमध्ये (पोर्ट ३३०६) सर्व्हर आधी बोलतो. म्हणून मायएसक्यूएलचा क्लायंट चुकून पोस्टग्रेसच्या पोर्टला जोडला तर दोघे ‘पहले आप’ करत गप्प. मूळ सेटिंग असेल तर ६० सेकंदांनी सर्व्हर जोडणी तोडतो. उलट्या चुकीत गप्प बसणे नाही: एसएसएलची (संभाषण कूटबद्ध करण्याची) विचारणा करून पोस्टग्रेसचा क्लायंट ‘एस’ किंवा ‘एन’ या एका अक्षराची वाट पाहतो, आणि हाती येतो मायएसक्यूएलच्या स्वागतपाकिटाच्या लांबीचा पहिला बाइट. ‘एसएसएल वाटाघाटीला अवैध उत्तर’ अशा अर्थाची एरर दिसली की सर्टिफिकेट उकरत बसण्याआधी पोर्ट बघावा.

अन्वयार्थ: पार्सला, म्हणजे क्वेरीची रचना ओळखण्याला, ‘पदच्छेद’ लिहितात, मला ‘अन्वय लावणे’ जवळचे वाटते, पदे सुटी करून भागत नाही, त्यांचे नाते लावायचे असते. बाइंड म्हणजे अन्वय लागलेल्या वाक्यातल्या रिकाम्या जागी मूल्ये ‘बांधणे’. पोस्टग्रेसमध्ये मूल्यांची संख्या २ बाइटांत जाते, म्हणून एका बाइंडमध्ये ६५,५३५ च्या वर नाहीत. हजार हजार ओळी एकाच इन्सर्टमध्ये (ओळी भरण्याच्या आज्ञेत) कोंबताना ही मर्यादा आडवी येते: ७० रकाने असतील तर ९३६ ओळींवर थांबावे लागते. बांधून तयार झालेल्या वाक्याला पोस्टग्रेस ‘पोर्टल’ म्हणतो. त्याचा वेबसाइटशी काही संबंध नाही. भाषांतर न करता तोच ठेवावा.

पोस्टग्रेसच्या ‘सिंक’ या संदेशाचे भाषांतर मात्र जपून. त्याला ‘समक्रमण’ म्हटले की घड्याळे जुळवल्यासारखे वाटते. खरे तर तो ‘माझे बोलणे झाले’ असे सांगणारा पूर्णविराम आहे. मधल्या एखाद्या पायरीवर एरर आली की सर्व्हर सिंक येईपर्यंतचे सगळे संदेश टाकून देतो. सिंक पाठवायचेच राहिले तर ‘तयार आहे’ हा निरोप येत नाही आणि क्लायंट टांगून राहतो.

काना-मात्रा: पोस्टग्रेसच्या प्रकाराक्षरांचा अर्थ दिशेवर ठरतो हेही नोंदवा. ‘डी’ क्लायंटकडून आला तर ‘वर्णन कर’, सर्व्हरकडून आला तर ‘ही घे ओळ’. ‘ई’ इकडून ‘अंमल कर’, तिकडून ‘चूक झाली’. आपल्या ‘आपण’सारखेच: कोण कोणाला म्हणतो त्यावर अर्थ.

जिज्ञासू: मग ‘बोली’ कशी वाटते? ‘कॉक्रोचडीबी (आणखी एक डेटाबेस) पोस्टग्रेसची बोली बोलतो’ असे वाक्य सहज होते.

पोर्टवाला: सहज होते, म्हणूनच धोक्याचे. एसक्यूएल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेच्या प्रकारांनाही ‘बोली’ म्हणतात. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर कॉक्रोचडीबीला जोडला जातो, याचा अर्थ पोस्टग्रेसची प्रत्येक क्वेरी तिथे चालेल असा नाही. पाकीट उघडता येणे वेगळे, आतली भाषा कळणे वेगळे. ओडीबीसी, जेडीबीसी हीसुद्धा या अर्थाने प्रोटोकॉल नाहीत: ती प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यातली हाक आहे, ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्यात काय जाते ते ती ठरवत नाहीत. माझे मत ‘संदेशसंकेत’ला. ‘कविसंकेत’मधला संकेत, म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेली रीत.

बिट-बाइट: ‘संकेत’ एकटा नको, तो संकेतस्थळ आणि सांकेतिक लिपी दोन्हीकडे ओढला जातो. ‘संदेशसंकेत’ चालेल. चालू मजकुरात मी ‘प्रोटोकॉल’च लिहीन, पहिल्या उल्लेखाला संदेशसंकेत.

अन्वयार्थ: मान्य. एक राहिले: ‘कॅन्सल रिक्वेस्ट’ला ‘रद्द करण्याची विनंती’ लिहिताना ‘विनंती’ गाळू नका. पोस्टग्रेसमध्ये ती चालू जोडणीवरून जातच नाही. क्लायंट दुसरी जोडणी उघडतो, ८०८७७१०२ हा आकडा, प्रोसेस क्रमांक आणि सुरुवातीला मिळालेली गुप्त किल्ली पाठवतो आणि त्या जोडणीवर उत्तर न मिळताच ती बंद होते. तोवर क्वेरी पूर्ण झालेली असली तर काहीच रद्द होत नाही.