घरी शिकणारी मुले, नातेवाईक आणि चर्चची सेवा

काठावरची

काल ‘पाणवठा’ यांनी लिहिले की, शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना, मुले समाजात कुठे मिसळतात असे विचारले की ते नातेवाईक आणि चर्च ही दोनच नावे पुढे करतात, आणि या दोन्ही ठिकाणी मुलांना आईवडिलांच्या पसंतीचीच माणसे भेटतात. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच वर्षी जन्मलेली मुले एका खोलीत बसवली की समाज तयार होतो, हे मला कधीच पटलेले नाही. शाळा सुटल्यानंतरच्या उरलेल्या आयुष्यात तशी खोली माणसाला पुन्हा क्वचितच भेटते. माझी मुलगी उपासनेपूर्वी दारात उभी राहून गीतपुस्तके देते. कोणाला मोठ्या अक्षरांची प्रत लागते, गुडघेदुखीमुळे कोणाला कडेची खुर्ची हवी असते, नुकतेच एकटे पडलेले कोण आहेत आणि त्यांच्याशी थांबून दोन शब्द बोलावे लागतात, हे ती पाहून पाहून शिकली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही वह्यापुस्तके घेऊन तिच्याकडे राहिलो. सकाळी गणित झाले की औषधांच्या वेळा मुलगीच सांभाळत असे. शाळेच्या वेळापत्रकात आजीच्या आजारपणाला जागा नसते.

चर्चने शिकवण्यात नवे काहीच नाही. रॉबर्ट रेक्स यांनी १७८०मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या मुलांना सुटीच्या दिवशी वाचायला शिकवता यावे म्हणून.

पाणवठा

रेक्स यांचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. ज्या मुलांना घरात कोणी शिकवणारे नव्हते, त्यांना बाहेरच्या माणसांनी शिकवले, हे त्या शाळांचे मोल होते. माझा मुद्दा ‘बाहेरचे’ या शब्दापाशीच आहे. तुमच्या मुलीला भेटणारी आजी, काका आणि मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, वृद्ध सभासद ही सगळी चांगली माणसे असतील. परंतु घरात काही बिघडले, तर यांपैकी कोण तुमच्या विरोधात उभे राहून मुलीची बाजू घेईल? शाळेतील शिक्षक रोज मुलाचा चेहरा पाहतात आणि अनेक देशांत संशय आल्यास कळवणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य असते. हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२०मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. जर्मनीत तर एका ख्रिस्ती कुटुंबाची घरी शिकवण्याची मागणी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही २००६मध्ये दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यातील राज्यसंस्थेचा सूर मलाही जड वाटतो, पण समाजापासून तुटलेले गट तयार होऊ नयेत ही चिंता मी खोटी मानत नाही.

दोन मुलांची आई

तुम्ही दोघेही मुलांबद्दल बोलत आहात. आईबद्दल कोणी बोलणार आहे का?

मी मुलांना घरी शिकवते, म्हणजे मी ‘घरीच असते’, असा नातेवाईक आणि मंडळी या दोघांचाही समज आहे. सकाळी अपूर्णांक शिकवत असताना दाराची बेल वाजते, पाहुणे बसतात आणि मुलाला हाक मारून सगळ्यांसमोर वर्तमानपत्र वाचायला लावतात, कारण घरी शिकणाऱ्याला वाचता येते की नाही याची खात्री त्यांना स्वतः करायची असते. शाळेत जाणाऱ्या चुलत भावाला तिथेच बसूनही कोणी काही वाचायला लावत नाही. चर्चमध्येही तेच. आठवड्याच्या मधल्या दिवशी सभागृह उघडायचे आहे, खुर्च्या मोजून घ्यायच्या आहेत, सुटीतील बायबलवर्गाचे साहित्य कापून ठेवायचे आहे, की पहिला दूरध्वनी मला येतो. मंडळीतल्या नोकरी करणाऱ्या बहिणींना कोणी विचारत नाही, कारण त्या ‘कामावर’ असतात. मी वर्ग बंद करून जाते आणि वर्षाअखेर अभ्यास मागे पडला की ऐकून घ्यावे लागते तेही मलाच.

मंडळीतला जुना

ताई, तुमचा थकवा समजतो, परंतु सेवा अशी तासांनी मोजू लागलो तर मंडळी चालणार नाही. मी अनेक वर्षे मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद, म्हणून काम पाहतो. शंभर जण उपासनेला येतात आणि खुर्च्या उचलायला तीच ती चार माणसे उरतात. ज्यांना दिवसा वेळ काढता येतो, त्यांनाच विचारले जाणार.

दोन मुलांची आई

वेळ ‘काढता येतो’ हे कोणी ठरवले? तो माझ्या मुलांचा शाळेचा वेळ आहे. आपण एखाद्या शिक्षिकेला भर वर्गातून उठवून सभागृह झाडायला बोलावले असते का?

आता विषय निघालाच आहे, तर तेही सांगते ज्याबद्दल मी आजवर गप्प राहिले. माझी किशोरवयीन मुलगी उपासनेच्या वेळी बालवर्गात मदत करते. ठरलेल्या बाई आल्या नाहीत की तिला एकटीला लहान मुलांबरोबर खोलीत ठेवले जाते, आणि ‘ती जबाबदार आहे’ असे कौतुक करून विषय संपवला जातो. मुलांच्या खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असावीत हा नियम कितीतरी मंडळ्यांनी केलेला आहे. तो मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि सेवा करणाऱ्यांवर खोटा आळ येऊ नये म्हणूनही. लहान मूल गुदमरले किंवा पडले, तर उत्तर माझ्या मुलीने द्यायचे का?

मंडळीतला जुना

हा प्रकार चालू असेल तर तो चुकीचा आहे. तरीही तुमचा सूर आरोपाचा आहे, आणि सेवा करणारे सगळेच विनामोबदला राबतात हे तुम्ही विसरत आहात.

पाणवठा

त्यांचा सूर बाजूला ठेवा, कारण मला जे म्हणायचे होते ते ताईंनी माझ्यापेक्षा स्पष्ट सांगितले. ज्या मुलीचे शिक्षण, मैत्री आणि सेवा या सगळ्यांची सूत्रे त्याच माणसांच्या हाती असतात, ती नकार कोणाला देणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथातील पालकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवून म्हटले होते की मुलांना काय हवे आहे हेही ऐकले पाहिजे.

काठावरची

तो खटला घरी शिकवण्याचा नव्हता. ती मुले आठवीपर्यंत शाळेत गेली होती आणि प्रश्न त्यापुढील शिक्षणाचा होता, तेव्हा तो आधार इथे अर्धाच लागू पडतो. मुलांना विचारले पाहिजे हे तत्त्व मात्र मला मान्य आहे. माझ्या मुलीने गीतपुस्तके देण्याचे काम स्वतः मागून घेतले आणि गायकवृंदात जायला नकार दिला, तेव्हा तो नकार आम्ही पाळला. ‘बाहेरचे कोण’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिच्या चित्रकलेच्या शिक्षिका, ज्या आमच्या नात्यातील नाहीत, मंडळीतील नाहीत आणि आमच्या बऱ्याच मतांना उघड विरोध करतात. मुलगी त्यांच्याशी आमच्या गैरहजेरीत बोलते.

पाणवठा

मग हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. नातेवाईक आणि चर्च पुरेसे आहेत या दाव्यावर माझा आक्षेप होता, आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या माणसाची सोय केलेली आहे. तुमच्या घरापुरता मी तो मागे घेतो, इतरांच्या बाबतीत नाही.

मंडळीतला जुना

बालवर्गात दोन मोठी माणसे असल्याशिवाय वर्ग भरणार नाही, असा लेखी ठराव मी पुढील बैठकीत मांडतो. आठवड्यातील कामांबद्दल माझे मत बदललेले नाही, परंतु सकाळच्या वेळात तुम्हाला दूरध्वनी जाणार नाही.