आयर्लंडचा आकडा जरा जपून

कुणीकुणी म्हणतं की दरडोई जीडीपीत (म्हणजे देशातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या माणशी मूल्यात) आयर्लंड ब्रिटनच्या कितीतरी पुढे गेला, तोही निव्वळ कंपनीकर कमी ठेवून. दोन्ही गोष्टी इतक्या सरळ नाहीत.

२०१५ साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात तब्बल २६ टक्क्यांनी फुगला. तेवढे कारखाने निघाले नव्हते, पगार तर त्या मानाने जेमतेमच वाढले. झालं असं की बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी, त्यातही अ‍ॅपलने, आपली बौद्धिक संपदा (पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क वगैरे) कागदोपत्री तिथे हलवली आणि बाहेरच्या विक्रीचा नफा आयरिश खात्यात दिसू लागला. भाड्याने दिलेल्या विमानांचंही तसंच: विमान उडणार भलत्याच देशात, मालकीची नोंद डब्लिनला! शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच २०१७ पासून हा फुगवटा वगळून 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' द्यायला सुरुवात केली. ते जीडीपीच्या बरंच खाली आहे. ब्रिटनशी तुलना करायचीच तर आयर्लंडचा हाच आकडा घ्या.

आता कराचं. निर्यातीच्या नफ्यावर करसवलत आयर्लंडने १९५६ पासूनच दिली होती. तरीही १९८० च्या दशकात बेकारी इतकी होती की तिथली तरुण पोरं लंडन गाठत होती. मग बदललं काय? १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं, १९७३ ला युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात) प्रवेश मिळाला आणि १९९३ ला युरोपची एकसंध बाजारपेठ उभी राहिली. शिकलेली, इंग्रजी बोलणारी माणसं तोवर तयार होती. खरी भरारी त्यानंतरची.